राहुकाळ आणि ‘यथावकाश’

‘भारतीयांना वेळेची किंमत नाही’ असे विधान आपण सहज करून जातो. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या परिसरातील लोकव्यवहार डोळसपणे पाहिला, तर हे विधान टिकत नाही. तमिळ दिनदर्शिकेच्या पानावर त्या दिवसाचा राहुकाळ छापलेला असतो : सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा. त्या दीड तासात नव्या कामाचा आरंभ करायचा नाही, एवढाच संकेत. परंतु तो पाळायचा तर घड्याळावर नजर ठेवावीच लागते.

तेव्हा उणीव वक्तशीरपणाची नाही. औद्योगिक समाजाने प्रत्येक तास सारखा मानून त्याला मजुरीचा दर लावला. इथल्या परंपरेत तासातासाची प्रत वेगळी आहे. १९०६ मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ पुढे कित्येक दशके जपली. सारांश, घड्याळ एक केल्याने काळाचे मोल एक होत नाही. माणूस ज्या वेळेला मोल देतो, तीच तो पाळतो.

प्रशासन नागरिकाच्या वेळेला असे मोल देते काय? ‘यथावकाश कळविण्यात येईल’ हे आपल्या शासकीय पत्रव्यवहारातील परिचित वाक्य. हा अवकाश कोणाचा? अर्थातच कार्यालयाचा. खेपा घालताना अर्जदाराची बुडालेली मजुरी कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने, सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक प्रलंबित राहू नये, असे बंधन घातले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी मुदत आणि कसूर करणाऱ्यास दंड ठरविला. हे कायदे आवश्यकच आहेत. पण राहुकाळ पाळण्यासाठी कोणी निरीक्षक नेमावा लागत नाही, कारण तो मोडल्यास हानी आपली होईल अशी श्रद्धा असते. दिरंगाईची हानी मात्र दुसऱ्याची असते आणि म्हणून ती दिसत नाही.

ती दिसावी यासाठी एक साधी गोष्ट करता येईल. कार्यालयाच्या तपासणीत निकाली प्रकरणांच्या संख्येबरोबरच, प्रत्येक प्रकरणी अर्जदाराला किती खेपा घालाव्या लागल्या, याचीही नोंद मागवावी. मुदतीत निकाली निघालेल्या कामासाठीही कोणाचे चार दिवस वाया गेलेले असू शकतात.