औषध म्हणू नका, विष म्हणा



आपल्या बोलण्यात एक खोड आहे. कपाशीवर मावा दिसला की आपण म्हणतो, "औषध मारायला पाहिजे." दुकानदारही विचारतो, "कोणतं औषध देऊ?" पोराला ताप आला तरी औषध आणि बोंडात अळी पडली तरी औषध. शब्द एकच असल्यामुळे मनातली भीती मोडते. डबा माळ्यावर डाळीच्या शेजारी जाऊन बसतो आणि द्रावण हातानेच ढवळले जाते. म्हणून आज पहिली विनंती अशी, की घरात तरी त्याला विष म्हणायला लागा.

2017 सालचा पावसाळा विदर्भ विसरलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याला लागली होती. उकाडा होता, किडीचा जोर होता, आणि फवारणीची एकच घाई उडाली होती. फवारणी करता करता शेकडो शेतकरी व शेतमजूर आजारी पडले आणि सुमारे वीस जण दगावले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते आपले रोजचे काम करीत होते.

मग विष अंगात शिरले कसे? ही गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याला वाटते, तोंडात गेले तरच विष बाधते. तसे नाही. ते कातडीतून शिरते, डोळ्यांतून शिरते, श्वासावाटे शिरते. पाठीवरचा पंप गळत असला की सदरा भिजतो आणि तो ओला सदरा दिवसभर पाठीला चिकटून राहतो. उन्हाने घाम आलेली कातडी विष अधिकच लवकर शोषते. पीक डोक्याएवढे असले की नोझल वर धरावे लागते, आणि तुषार आपल्याच तोंडावर उतरतात. तोंडाला बांधलेला रुमाल तुषारांनी भिजला, की तोच विष नाकाशी धरून ठेवतो.

आता हे विष करते काय, तेही ऐका. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सगळी एका कुळातली, सेंद्रिय फॉस्फरसची. शरीरातल्या नसा स्नायूंना निरोप देतात, आणि काम झाले की तो निरोप पुसून टाकणारा एक पदार्थ शरीरात असतो. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकते. निरोप थांबत नाही, स्नायू फडफडत राहतात आणि शेवटी श्वास अडतो. किडीच्या नसा आणि आपल्या नसा या बाबतीत सारख्याच चालतात. फरक फक्त मात्रेचा. शिवाय तो बांधला गेलेला पदार्थ पुरता भरून यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे काल फवारले, काही झाले नाही. आज फवारले, काही झाले नाही. पण आत साठा घटतच गेला. "इतकी वर्षे मारतोय, मला काही होत नाही," असे म्हणणाऱ्या दादांनी हे ध्यानात ठेवावे.

प्रत्येक डब्यावर एक चौकोन कोनावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, वरच्या अर्ध्यात कवटी आणि हाडे. पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम, हिरवा त्यांच्याहून सौम्य. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो, म्हणूनच ही सोय. पण एक गैरसमज फार पसरला आहे, की लाल त्रिकोणाचे विष किडीवर जास्त चालते. हे खरे नव्हे. तो रंग माणसाला किती धोका आहे ते सांगतो, अळी किती लवकर मरेल ते नाही. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हे अळीवर उत्तम चालणारे कीटकनाशक आहे आणि त्याच्या डब्यावर हिरवा त्रिकोण असतो. तेव्हा दुकानात "जालीम द्या" असे म्हणू नका. किडीचे नाव सांगा, आणि त्या किडीसाठी शिफारस असलेल्यांपैकी कमी विषारी मागा.

दोन-तीन विषे एकत्र कालवण्याची खोडही सोडा. पीक त्याने दुप्पट येत नाही. उलट माणूस अत्यवस्थ झाला तर डॉक्टरांची अडचण होते. फॉस्फरसच्या कुळावर ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्झिम हे उतारे आहेत; दुसऱ्या कित्येक कीटकनाशकांवर असा खास उतारा नाहीच. पोटात काय गेले हेच ठाऊक नसेल तर डॉक्टरांनी उपचार कशावर करावा?

फवारणी करावी सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, वारा पाठीशी घेऊन. अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि नाकातोंडावर योग्य मास्क असावा. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. पाण्याने धुऊन मऊ ब्रशने साफ करा. मधेच तंबाखू मळू नका. हाताचे विष तंबाखूबरोबर थेट तोंडात जाते. सालगड्याला किंवा मजुराला काम दिले असेल तर ही साधने आपणच द्यायची. त्याचाही जीव आपल्याएवढाच मोलाचा.

वहिनी, आता थोडे तुमच्याशी. द्रावण ढवळायला लांब काठी ठेवा, आणि ती काठी दुसऱ्या कशालाही वापरू नका. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. हातमोजे घालून वेगळे धुवा. घरधनी आंघोळ करीपर्यंत लेकराला त्यांच्या कडेवर देऊ नका. आणि रिकामा डबा कितीही चांगला दिसला तरी घरात घेऊ नका. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी 16 जुलै 2013 रोजी शाळेतले दुपारचे जेवण जेवून 23 मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते. ते तेल विषाच्या डब्यात ठेवले होते, असे तपासात निघाले. डबा तीन वेळा विसळा, ते पाणी पंपात ओता, मग डब्याला भोके पाडून विहीर-ओढ्यापासून दूर खोल पुरून टाका.

फवारताना डोके दुखले, मळमळले, लाळ सुटली, घाम फुटला, दिसायला धूसर झाले, तर "ऊन लागलं" म्हणून झाडाखाली आडवे होऊ नका. काम तिथेच थांबवा. कपडे उतरवा, साबणाने अंग भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. दूध, तूप पाजू नका, उलटी काढू नका. डबा मात्र बरोबर न्या. त्यावर विषाचे नाव आणि उतारा छापलेला असतो.

आज रात्री जेवणे झाली की एक काम करा. शाळेत जाणाऱ्या लेकराच्या हाती बॅटरी द्या आणि घरातले, गोठ्यातले, माळ्यावरचे सगळे डबे शोधून काढा. लांबूनच त्याला त्रिकोणाचा रंग वाचायला सांगा, डब्याला हात लावू देऊ नका. मग सगळे डबे स्वयंपाकघरापासून दूर एका पेटीत ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली उंच खुंटीवर टांगा. पोराने विचारले, "हे काय आहे?" तर औषध म्हणून सांगू नका.