बाण कुणी वळवायचा?

पनवेलकरांची एकच चैन आहे बॉस, गाडी इथूनच सुटते! सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाहून जास्त वेळ बूड टेकवून बसायला मिळतं. या वेळात मी एका छोट्याशा ओपन सोर्स प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशन सांभाळतो. पगार शून्य, पण मीटिंगाही शून्य. फेअर डील!

गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका कॉलेजवाल्या मुलीचा मेसेज आला. ‘दादा, इन्स्टॉलेशनच्या आकृतीत बॅकअपचा बाण उलटा आहे. मी तसंच केलं आणि रिकाम्या डेटाबेसने भरलेला पुसून टाकला. टेस्टचा होता म्हणून वाचले. दुरुस्त करून देऊ का?’

दे म्हटलं, आणि मग मलाच घाम फुटला. तिला द्यायचं काय? ती आकृती मी आधीच्या नोकरीत व्हिजिओमध्ये काढलेली. मूळ फाइल ऑफिसच्या लॅपटॉपबरोबर परत गेली, उरला नुसता पीएनजी. म्हणजे फोटोतल्या माणसाला ‘जरा मान वळव’ म्हणण्यासारखं! बरं, फाइल असती तरी व्हिजिओचं डेस्कटॉप व्हर्जन तिच्या लिनक्सवर चालत नाही, आणि लायसन्सचे पैसे त्या पोरीने कुठून आणायचे?

मग आठवडाभर अप-डाऊन करताना टूल्स चाळली. डिया जुनं आणि साधंसरळ, पण दिसायलाही जुनंच. इंकस्केप २००३ पासूनचं, फुकट, चित्रं एकदम देखणी. पण चार चौकोन आणि पाच बाणांसाठी इंकस्केप म्हणजे भेळेला चांदीचं ताट.

खरी चुरस दोघांत लागली. मर्मेडमध्ये काढायचं काहीच नाही, लिहायचं. सर्व्हर, दोन डॅश, एक ‘ग्रेटर दॅन’, बॅकअप. झाला बाण! गिटहब तर फेब्रुवारी २०२२ पासून हा मजकूर थेट आकृती म्हणून दाखवतं. शिवाय कुणी काय बदललं ते ओळीगणिक दिसतं, म्हणजे माझ्यासारखा उलटा बाण कुणीतरी वेळेत पकडणार. वैताग एकच. चौकोन कुठे बसायचे हे तोच ठरवतो, आणि ते वीसच्या वर गेले की दादर स्टेशनचा ब्रिज होतो.

ड्रॉ डॉट आयओमध्ये हवं ते हवं तिथे ठेवा. डेस्कटॉप व्हर्जन नेटशिवाय चालतं, ट्रेनमध्ये हे सॉलिड कामाचं. आणि पीएनजी किंवा एसव्हीजी एक्सपोर्ट करताना ‘आकृतीची प्रत आत ठेवा’ या अर्थाच्या पर्यायावर टिक केलं, तर तेच चित्र पुन्हा उघडून बदलता येतं. ही एक टिक मला आधी माहीत असती तर! फक्त, दोन व्हर्जन्समध्ये नेमकं काय बदललं हे नुसती फाइल वाचून कळणं कठीण.

शेवटी मी छोट्या आकृत्या मर्मेडमध्ये घेतल्या आणि पूर्ण सिस्टिमचा एकच मोठा नकाशा ड्रॉ डॉट आयओत, प्रत आत ठेवून. सगळ्या जुन्या आकृत्या नव्याने कराव्या लागल्या. दोन रविवार गेले, बायको अजून टोमणे मारते.

सोमवारी गाडी सुटता सुटता चिपळूणहून दुरुस्ती आली. बदललेली ओळ एकच. मानसरोवर यायच्या आत मी ती मंजूर केली. खारघरला पुन्हा मेसेज, ‘दादा, तिसऱ्या पानावरचाही उलटाच आहे.’