वयाचं कौतुक, विद्येची उपासमार

लहान वयात मोठं काही करून दाखवणाऱ्या मुलांच्या बातम्या आपण चवीनं वाचतो. माझी तक्रार त्या मुलांबद्दल नाही, आपल्या चवीबद्दल आहे. मूल काय शिकलं हे बातमीच्या तळाशी असतं. वय मथळ्यात असतं.

मी लखनऊ छावनीत राहतो. याच शहरातली सुषमा वर्मा सातव्या वर्षी दहावी झाली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. वयाची अट आडवी आली. मग बी.एस्सी. करून २०१३ साली, तेराव्या वर्षी, ती लखनऊच्याच बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेली. फीसाठी मजुरी करणाऱ्या वडिलांना जमीन विकावी लागली. ते छापून आल्यावर सुलभ इंटरनॅशनलच्या बिंदेश्वर पाठकांनी आठ लाखांची मदत केली. चांगलंच केलं. पण क्रम पाहा: टाळ्या सातव्या वर्षापासून, फीची सोय जमीन गेल्यावर. आणि तीच मुलगी एकविसाव्या वर्षी एम.एस्सी.ला गेली असती तर? जमीन तशीच विकली गेली असती; बातमी झाली नसती आणि मदतही आली नसती. म्हणजे मदत विद्येला नव्हे, वयाला मिळाली.

आपण मराठी माणसं यात मागे नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा. जगभर नाव झालं. मुंबई क्रिकेट असोसिएशननं दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी, मुलाच्या धावा होत नाहीत म्हणून, वडिलांनी ती स्वतःहून थांबवायला सांगितलं. ज्या इंग्रज मुलाचा विक्रम त्यानं मोडला, त्या ए. ई. जे. कॉलिन्सनं १८९९ साली, तेराव्या वर्षी, शाळेत नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. शाळेतली खेळी ही शाळेतलीच खेळी असते. तिला भविष्यवाणी आपण करतो आणि ती खोटी ठरली की हिशेब मुलाला द्यावा लागतो.

यावर कुणी विचारेल, गरिबाच्या मुलाला प्रसिद्धीखेरीज दुसरी शिडी आहे कुठे? नाही, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे. जिथे चमत्कार केल्याशिवाय फी भरता येत नाही, तिथे आईबाप मुलांकडून चमत्कारच मागणार. त्यांना हावरे म्हणणं सोपं आहे. ती मागणी आपल्या टाळ्यांनी तयार केली आहे.

दुसरी वाट आपल्याच इतिहासात आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकाळीमठ लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी. लोक थक्क होत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही मिळाली. पण तो कुमार गंधर्व झाला तो मुंबईत बी. आर. देवधरांकडे अनेक वर्षं शिकल्यावर. नक्कल त्याला येतच होती. स्वतःचं गाणं सापडायला गुरू आणि वेळ लागला.

आणि गंधर्व नसलेल्यांचं काय? तो प्रश्न विष्णु नारायण भातखंड्यांनी घेतला. राय उमानाथ बलींसारख्यांच्या साथीनं त्यांनी १९२६ साली याच लखनऊत मॅरिस कॉलेज उभं केलं. आज ते भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे. घराण्यांत अडकलेल्या बंदिशी त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापून ठेवल्या, म्हणजे साध्या गळ्याच्या विद्यार्थ्यालाही पायरीपायरीनं शिकता यावं. या पेशानं वकील असलेल्या मुंबईकरानं अद्भुत बालक शोधत बसण्यापेक्षा वर्ग उघडला.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. पुढच्या वेळी सात वर्षांच्या मुलाला शाल घालायला निघालात, तर शालीचे पैसे शाळेत भरा, आणि पावतीवर मुलाचं वय लिहू नका. ते सतराव्या वर्षी साधंच निघालं, तरी त्याची फी भरलेली असली पाहिजे.