बंदीची यादी आणि घरातले मूल

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्याचे निर्देश राज्यांना दिले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला आणि गोव्यातही बंदीची चर्चा पेटली. ती गैर नव्हती.

मात्र लहान मूल असलेल्या घरात कोणता कुत्रा आणावा, याचे उत्तर अशा यादीत सापडत नाही. मुलांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचा, घरचा किंवा शेजारचाच असतो. तो जेवत वा झोपलेला असताना मूल त्याला मिठी मारते, तो गुरगुरतो, आणि मोठी माणसे दटावतात ती त्यालाच. इशारा देणे असे मोडून काढले की पुढच्या वेळी थेट दात लागतात.

लॅब्रॅडॉर स्वभावाने गरीब, हे बव्हंशी खरे. पण तीस किलोचा तरणा लॅब्रॅडॉर खेळता खेळता तीन वर्षांच्या मुलाला सहज आडवे करतो. हस्कीला इथल्या दमट उकाड्यात आणणे हा तर त्या मुक्या जिवावरच अन्याय. त्यापेक्षा निवारा केंद्रातला दोन-तीन वर्षांचा, लसीकरण झालेला गावठी कुत्रा पाहावा. पिलाचा स्वभाव हा अंदाजाचा विषय. याचा मात्र घडलेला असतो. मुलाला सोबत नेऊन दोन-तीनदा भेटावे, तो आपणहून जवळ येतो की मागे सरतो हे पाहावे. घरी आणल्यावरही दोघांना मोठ्यांच्या नजरेआड एकत्र सोडू नये.