अरबी अक्षरे आणि पुठ्ठ्याची कार्डे

भाषाशिक्षणाच्या चर्चेत पाठ्यपुस्तकांविषयी पुष्कळ बोलले जाते. विद्यार्थ्याला वर्गात स्वतः वाचण्या-लिहिण्याची संधी किती मिळते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. अरब देशांतील शाळांना हा हिशेब आता टाळता येणार नाही. मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेतील अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असे जागतिक बँकेने २०२१ साली नमूद केले.

याचे एक कारण भाषेतच आहे. घरची अरबी कैरोत एक, कॅसाब्लांकात दुसरी; शाळेतील प्रमाण अरबी या दोहोंहून निराळी. त्यात लिपीची अडचण. अक्षरे अवघी २८, पण शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी बहुतेकांचे रूप पालटते. सहा अक्षरे तर पुढच्या अक्षराशी जुळतच नाहीत. शिवाय ऱ्हस्व स्वर एरवी लिहिले जात नाहीत. आपल्या मुलांना काना, मात्रा, वेलांटी डोळ्यांपुढे दिसते. अरब मुलाने मात्र क, त, ब ही तीन व्यंजने पाहून 'कतब' म्हणजे 'त्याने लिहिले', की 'कुतुब' म्हणजे 'पुस्तके', हे संदर्भावरून ठरवायचे असते. असा निर्णय घोकंपट्टीने साधत नाही. तो पुनःपुन्हा स्वतः घ्यावा लागतो.

पुठ्ठ्याच्या कार्डांचे मोल येथे आहे. अक्षराच्या निरनिराळ्या रूपांची कार्डे लावून मुलाने शब्द जुळवावा व मग तो वहीत सलग लिहावा. शब्दकार्डाच्या एका बाजूस स्वरचिन्हे असावीत, दुसरीस नसावीत. आधी चिन्हांविना वाचावे, मग कार्ड उलटून पडताळून पाहावे. किताब, कातिब, मकतब ही कार्डे शेजारी ठेवली की एकाच धातूचे कुटुंब ध्यानात येते.

आता हिशेब पाहू. चाळीस मुले आणि चाळीस मिनिटांची तासिका धरली, तर एकेकाने उभे राहून वाचण्यात प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिट येते. चौघाचौघांचे दहा गट केले, तर दहा मिनिटे येतात. वाढीव खर्च पुठ्ठा, कात्री व शाई यांचा. वर्गातील सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे मुलाची स्वतःची पाळी. ती इतक्या स्वस्तात वाढविणारे दुसरे साधन सहसा आढळत नाही.

यावर आक्षेप असा की, वर्गात गोंगाट होतो आणि परीक्षेत कार्डे नसतात. गोंगाट सोसता येईल. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. परीक्षा पाठांतरच तपासणार असेल, तर शिक्षक पाठांतरच करवून घेणार. त्यात त्याचा दोष नाही. अरबी परंपरेत पाठांतरास मोठा मान आहे व तो रास्तही आहे. तथापि पाठ असलेली ओळ म्हणणे आणि अनोळखी ओळ वाचणे या भिन्न गोष्टी होत. म्हणून कार्डांबरोबर प्रश्नपत्रिकेत अपठित उताराही आला पाहिजे. तो आला नाही, तर कार्डे कपाटातच राहतील.