विजेरीची कला आणि संयम

गणपतीपुळ्याच्या समुद्रात सूर्य मावळला की बहुतेक पर्यटक कॅमेरा पिशवीत ठेवतात. जाणकार मात्र कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून शटर ३० सेकंद उघडे ठेवतो आणि जांभ्याच्या गडग्यावरून साध्या विजेरीचा झोत कुंचल्यासारखा फिरवतो. झोत समोरून पडल्यास दगड सपाट दिसतो. बाजूने पडल्यास त्याची प्रत्येक खाच उठून दिसते. हात थांबला, तर तेथे पांढरा डाग उमटतो.

वाळूकडे वळताना मात्र विवेक हवा. रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. पिल्ले उजेडाच्या रोखाने धावतात; विजेरी दिसताच त्यांची समुद्राची वाट चुकते. म्हणून नोव्हेंबर ते मे या काळात वाळूवर विजेरी न लावणे, हीच जीवदया.