वाहिनीचा क्रमांक म्हणजे परवाना नव्हे

दुर्ग जिल्ह्यातील चरोद्याची ओळख भिलाईच्या रेल्वे मार्शलिंग यार्डाशी जोडलेली आहे. अशा यार्डात मालगाड्यांची जुळवाजुळव होताना ‘थांबा’ हा एक शब्द इंजिनचालकापर्यंत वेळेवर पोहोचला नाही, तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. तो शब्द वॉकी-टॉकीवरून जातो. म्हणूनच बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींचा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

विनापरवाना वॉकी-टॉकीसाठी भारताने २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा खुला केला, तोही अल्पशक्तीच्या संचांपुरता. युरोपातही हाच पट्टा असून तेथे त्यात १२.५ किलोहर्ट्झ अंतराच्या १६ वाहिन्या बसवल्या आहेत. अमेरिकेतील कौटुंबिक संच मात्र ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. त्यामुळे संचाच्या पडद्यावरील ‘१’ हा आकडा युरोपात ४४६.००६२५ आणि अमेरिकेत ४६२.५६२५ मेगाहर्ट्झ दर्शवतो. क्रमांक तोच, पण कायद्याच्या दृष्टीने अर्थ निराळा. काही स्वस्त संच तर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही लावता येतात. रेल्वेचे व्हीएचएफ संदेशवहन याच टापूत चालते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ई-व्यापार मंचांना नोटिसा बजावल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. वारंवारता स्पष्ट नमूद करणे आणि संचाची तांत्रिक मान्यता तपासणे हे दायित्व आता विक्रेत्या मंचावर आहे. दिशा योग्य आहे. पण गल्लीतल्या दुकानाचे काय?

विनापरवाना संचांची गरज खरी आहे. वारीतील स्वयंसेवक, गिर्यारोहक, बांधकामावरील मुकादम यांना मोबाइलचे जाळे नसते तेथे हेच साधन उपयोगी पडते. सरसकट बंदीने त्यांचेच नुकसान होईल. खोक्यावर वाहिनीच्या क्रमांकाशेजारी वारंवारता आणि ‘परवाना हवा’ किंवा ‘परवाना नको’ एवढे स्थानिक भाषेत छापणे सक्तीचे करावे. शिवाय ‘खासगी संकेत’ म्हणून मिरवला जाणारा आकडा फक्त नको असलेला आवाज आपल्या संचावर दाबतो, संभाषण गुप्त ठेवत नाही, हेही ग्राहकाला कळले पाहिजे.

रेडिओलहरी दिसत नाहीत, पण त्या सामाईक संपत्ती आहेत. त्यांची हद्द ग्राहकाला खरेदीपूर्वीच दाखवणे हे राज्यसंस्थेचे काम आहे. पुढे त्याच्यावर खटला भरण्यापेक्षा ते स्वस्तही पडेल.